जनुक चाचणी ‘निगेटिव्ह’, गाठ मात्र आनुवंशिक: अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या एका ट्यूमरचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले वैयक्तिक तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

रुग्णा ३१ वर्षांची. मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणारी, पतपेढीत नोकरी, चार वर्षांची एक मुलगी. दीड वर्षापासून आठवड्यातून दोन-तीन वेळा एकदम डोकं ठणकायचं, छातीत धडधड व्हायची, घामाने अंग भिजायचं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरायचं. झटका बहुतेक वेळा लोकलच्या गर्दीत किंवा वर्षअखेरीच्या कामात यायचा, त्यामुळे घरच्यांनी आणि फॅमिली डॉक्टरांनीही ते ‘टेन्शन’वर ढकललं. रक्तदाब तपासला जायचा तेव्हा झटका ओसरलेला असायचा.

धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झालं. तिसऱ्या दिवशी रक्तदाब २१०/१२० झाला आणि तिला महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात आणावं लागलं. मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनलच्या, नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रक्तवाहिन्या आवळणारं संप्रेरक सोडणाऱ्या या ट्यूमरमध्ये असं होण्याचं कारण पाठ्यपुस्तकात आहे, तरी प्रत्यक्षात ते पुन्हा पुन्हा घडतं. प्रोप्रॅनोलॉल रक्तवाहिन्या सैल करणारे बीटा-२ रिसेप्टर बंद करतं. नॉरअ‍ॅड्रिनलिनचा अल्फा रिसेप्टरवरचा परिणाम मग मोकाट सुटतो आणि रक्तवाहिन्या आणखी आवळतात. बीटा-ब्लॉकर घेतल्यावर तरुण माणसाचा रक्तदाब वर गेला, तर ती स्वतंत्र खूण धरावी.

निदानापर्यंत

पहिली तपासणी चोवीस तासांच्या लघवीतल्या मेटानेफ्रिनची ठरली. अ‍ॅड्रिनलिन मोडून मेटानेफ्रिन बनतं, नॉरअ‍ॅड्रिनलिन मोडून नॉर्मेटानेफ्रिन. प्रयोगशाळेने कॅनमध्ये आधीच १० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल घालून दिलं होतं. घरी कॅनला उग्र वास आला म्हणून सासूबाईंनी तो धुऊन, उन्हात वाळवून ठेवला. आम्लाशिवाय नमुना टिकेलच असं नाही. शिवाय लघवीतलं एकूण क्रिएटिनिन इतकं कमी आलं, की दिवसभरातली बरीच लघवी गोळाच झाली नव्हती हे उघड होतं. कामावर जाणाऱ्या बाईला हा कॅन घेऊन फिरणं अशक्यच. तो नमुना रद्द केला आणि रक्तातल्या मेटानेफ्रिनची चाचणी केली. हातात आधी सुई बसवून ठेवायची, अर्धा तास उताणं झोपवायचं, मग त्याच सुईतून रक्त घ्यायचं आणि नळी बर्फावर ठेवायची. बसलेल्या स्थितीत घेतलेल्या रक्तात नॉर्मेटानेफ्रिन खोटं वाढलेलं दिसतं.

नॉर्मेटानेफ्रिन कमाल मर्यादेच्या नऊ पट निघालं. मेटानेफ्रिन सामान्य होतं. सीटी स्कॅनमध्ये डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये ४.६ सेंमीची गाठ दिसली. डाय देण्याआधीची घनता ३६ हाउन्सफिल्ड युनिट होती. चरबीयुक्त साध्या अ‍ॅडेनोमाची ती १० च्या खाली असते. निदान फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनलच्या आतल्या भागाचा, मेड्युलाचा ट्यूमर.

अ‍ॅड्रिनल म्हणजे एका आवरणात बसलेल्या दोन ग्रंथी, आणि दोघींच्या ट्यूमरची जनुकं वेगळी. बाहेरच्या कॉर्टेक्समध्ये अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या गाठींत केसीएनजे५, कॉर्टिसॉलच्या गाठींत पीआरकेएसीए, कर्करोगात टीपी५३ आणि सीटीएनएनबी१. हे बदल बहुतेक वेळा फक्त गाठीत असतात. मेड्युलाचं गणित निराळं आहे. तिथे साधारण तीनातल्या एका रुग्णात बदल जन्मापासूनच शरीराच्या सगळ्या पेशींत असतो. म्हणून फिओक्रोमोसायटोमाच्या प्रत्येक रुग्णाशी, कुटुंबात कुणाला काही नसलं तरी, जनुक चाचणीबद्दल बोलायचं असतं. २०१४ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

फक्त नॉर्मेटानेफ्रिन वाढलेलं असणं

हा आकडा पुढे सगळ्यात कामाला आला. नॉरअ‍ॅड्रिनलिनपासून अ‍ॅड्रिनलिन बनवायला पीएनएमटी हे एन्झाइम लागतं. आरईटी किंवा एनएफ१ जनुकातल्या बदलामुळे झालेल्या गाठींत ते शाबूत असतं, त्यामुळे मेटानेफ्रिनही वाढतं. व्हीएचएल आणि एसडीएच गटाच्या जनुकांमुळे झालेल्या गाठींत ते फारसं नसतं, म्हणून एकटं नॉर्मेटानेफ्रिन चढतं.

एसडीएच म्हणजे सक्सिनेट डिहायड्रोजिनेज, मायटोकॉन्ड्रियातलं ए, बी, सी, डी अशा चार घटकांचं एन्झाइम. ते बंद पडलं की सक्सिनेट साचतं. साचलेलं सक्सिनेट दोन ठिकाणी अडथळा आणतं. एचआयएफ प्रथिन मोडायला लावणारी एन्झाइम्स थांबतात, आणि भरपूर प्राणवायू मिळत असूनही पेशी तो कमी पडल्यासारखी वागू लागते. शिवाय डीएनएवरच्या मिथाइल खुणा पुसणारी एन्झाइम्सही थांबतात. मिथाइल खुणा साचत जातात आणि त्यांखाली पीएनएमटीचं जनुकही बंद होतं. म्हणजे वाढलेलं नॉर्मेटानेफ्रिन आणि सामान्य मेटानेफ्रिन ही जोडी या साखळीचं रक्तात दिसणारं टोक आहे. अर्थात हा नुसता कल असतो, त्यावर निदान टेकवता येत नाही.

शस्त्रक्रियेआधीचे पर्याय

जनुकांचा अहवाल येईपर्यंत थांबायचं की आधी शस्त्रक्रिया करायची, हा पहिला प्रश्न. गाठ दोन्ही बाजूंना असती तर थांबणं योग्य ठरलं असतं. व्हीएचएल किंवा आरईटी निघाल्यास कॉर्टेक्सचा काही भाग राखून शस्त्रक्रिया करतात, म्हणजे जन्मभर हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं लागत नाही. इथे उजवी अ‍ॅड्रिनल निरोगी होती आणि रक्तदाब धोक्याचा होता. रक्त चाचणीला पाठवलं आणि शस्त्रक्रियेची तयारी सुरू केली. या निर्णयात आजही खोट दिसत नाही.

दुसरा प्रश्न संपूर्ण शरीराच्या स्कॅनचा. एका बाजूच्या पाच सेंमीहून लहान गाठीला तो लागतोच असं नाही, आणि खर्चही मोठा. पण वय कमी आणि नॉरअ‍ॅड्रिनर्जिक (एकटं नॉर्मेटानेफ्रिन वाढलेलं) चित्र, म्हणजे एसडीएच असण्याची शक्यता खरी होती. गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी केला. डाव्या गाठीखेरीज काही निघालं नाही. निरोगी अ‍ॅड्रिनलही या स्कॅनवर थोडी उजळते. उजव्या बाजूची ती उजळणी आधी ‘संशयास्पद’ लिहिली गेली होती, दुसऱ्या वाचनात ती सामान्य ठरली.

तयारी १५ दिवस चालली. प्रॅझोसिन हे अल्फा-ब्लॉकर रात्री झोपताना १ मिलिग्रॅमपासून सुरू केलं, कारण पहिल्या गोळीनंतर उभं राहताच चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो. ते वाढवत ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदापर्यंत नेलं. बसून रक्तदाब १३०/८० च्या खाली आणि उभं राहून वरचा आकडा ९० च्या वर, हे लक्ष्य होतं. पाचव्या दिवसानंतर नाडी ११० च्या पुढे राहिली, तेव्हा मेटोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर २५ मिलिग्रॅम दोनदा जोडलं. आधी अल्फा, मग बीटा. हा क्रम कधीही उलटायचा नाही.

खरी पंचाईत मिठाची झाली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या की त्या भरायला पाणी आणि मीठ दोन्ही लागतं. वॉर्डातल्या ताटावर मात्र ‘बीपी, अळणी’ अशी चिठ्ठी होती, आणि घरून येणाऱ्या डब्यातलं लोणचंही नातेवाइकांनी बंद केलं होतं. आहारतज्ज्ञांनी चिठ्ठी बदलून ताक, पापड, खारवलेली मिरची लिहून दिली, तेव्हा कुठे तीन दिवसांत उभ्याने येणारी चक्कर कमी झाली.

शस्त्रक्रिया

दुर्बिणीतून संपूर्ण डावी अ‍ॅड्रिनल काढली. गाठीचं आवरण फुटू न देणं महत्त्वाचं होतं. सांडलेल्या पेशी पोटात रुजू शकतात. गाठ हाताळताना रक्तदाब दोनदा २०० च्या वर गेला, भूलतज्ज्ञांनी नायट्रोप्रुसाइड आणि मॅग्नेशियमवर तो आवरला. डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळणारी अ‍ॅड्रिनल शीर क्लिप करताच तो ८०/५० वर आला; सहा तास नॉरअ‍ॅड्रिनलिनचं ड्रिप लागलं. पहिली रात्र दर तासाला साखर तपासली, कारण दबलेलं इन्सुलिन एकदम मोकळं होऊन साखर घसरू शकते. पाचव्या दिवशी ती घरी गेली.

अहवाल आणि विसंगती

पाच आठवड्यांनी जनुकांच्या पॅनेलचा (अनेक जनुकं एकत्र वाचणाऱ्या चाचणीचा) अहवाल आला: ‘रोगकारक बदल आढळला नाही.’ खाली एक पुरवणी होती. केआयएफ१बी या जनुकात ‘अर्थ अनिश्चित’ असलेला एक बदल सापडला होता.

कुटुंबाने नेमकी ही पुरवणी धरली. भावाने इंटरनेटवर जनुकाचं नाव शोधलं आणि सगळ्यांनीच त्याची चाचणी करून घ्यायची असं ठरवलं. समुपदेशकांनी ते थांबवलं. फिओक्रोमोसायटोमाशी या जनुकाचा संबंध असल्याचा पुरावा तोकडा आहे, आणि अर्थ न कळलेल्या बदलासाठी नातेवाइकांना तपासलं तर कुणाच्याच हाती काही लागत नाही. निरोगी माणसाला उगाच धास्ती आणि ज्याला खरा धोका आहे त्याला खोटा दिलासा, एवढंच होतं.

आता वाट दोन दिशांना फुटत होती. अहवाल जसाच्या तसा मानून ‘आनुवंशिक नाही’ असा शेरा मारायचा आणि वर्षातून एकदा बोलवायचं. गर्दीच्या ओपीडीत हेच सहज घडतं. किंवा विचारायचं, की ३१ व्या वर्षी नॉरअ‍ॅड्रिनर्जिक गाठ होते आणि व्हीएचएल, एसडीएच दोन्ही कोरी निघतात, हे जुळतं कसं? पुन्हा इतिहास विचारल्यावर एक नवी गोष्ट निघाली. वडिलांचे थोरले भाऊ चाळिशीत हर्नियाच्या ऑपरेशनदरम्यान वारले होते. घरात त्याची नोंद ‘भूल सोसली नाही’ एवढीच होती. त्यांच्या गाठीचा कसलाही पुरावा नाही, कधी मिळणारही नाही. तरी टेबलावर झालेल्या अशा मृत्यूची नोंद कुटुंबवृक्षात करायलाच हवी.

काढलेल्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) मागवून त्यावर एसडीएचबी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री केली, म्हणजे ते प्रथिन आहे की नाही हे रंगाने पाहिलं. ही साधी, स्वस्त तपासणी २००९ पासून वापरात आहे. एन्झाइमच्या कोणत्याही घटकाचं जनुक निकामी झालं तरी सगळी रचना ढासळते आणि एसडीएचबी प्रथिन दिसेनासं होतं. वाचताना एक काळजी घ्यावी लागते: त्याच काचेवरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तपकिरी कण दिसलेच पाहिजेत. तिथेही काही नसेल तर दोष फॉर्मॅलिनमधल्या जतनाचा किंवा रंगाचा, आणि काच बाद. या रुग्णेच्या काचेवर अस्तर व्यवस्थित रंगलं होतं, गाठीच्या पेशी कोऱ्या होत्या. सोबत केलेली एसडीएचए मात्र रंगली. म्हणजे ए घटक ठीक होता, बिघाड बी, सी, डी किंवा त्यांच्या जुळणीत होता.

सिक्वेन्सिंगला न दिसलेला बदल

एसडीएचबी जनुक पहिल्या गुणसूत्राच्या लहान भुजेवर आहे, आठ एक्झॉनचं, म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेल्या आठ तुकड्यांचं. सिक्वेन्सिंग अक्षरं वाचतं. पुस्तकाच्या दोन प्रतींपैकी एकीचं पहिलं पानच फाटलेलं असेल, तर वाचणाऱ्याला दुसऱ्या प्रतीतलं पान दिसतं आणि मजकूर बिनचूक वाटतो. पानं मोजल्याशिवाय तूट कळत नाही. पॅनेलच्या डेटातूनही मोजणी करता येते, पण एकट्या एक्झॉनपुरती ती भरवशाची नसते. एसडीएचबीचा पहिला एक्झॉन जी आणि सी अक्षरांनी इतका भरलेला आहे, की तिथे वाचनच विरळ येतं. अहवालाच्या शेवटच्या पानावर, ‘मर्यादा’ या मथळ्याखाली, बारीक अक्षरात हे लिहिलेलं होतं: मोठी डिलीशन (गळालेले तुकडे) या चाचणीत वगळलेली नाहीत.

पुढचे पर्याय तीन होते. गाठीच्या डीएनएचं सिक्वेन्सिंग करता आलं असतं, पण तीच पद्धत तीच चूक पुन्हा करण्याची शक्यता होती. एसडीएचसी जनुकाच्या प्रमोटरवरचं (जनुक सुरू करणाऱ्या भागावरचं) मिथायलेशन तपासता आलं असतं. अक्षर न बदलता जनुक बंद पाडणारा तो प्रकार दुर्मिळ आहे आणि बहुधा आनुवंशिक नसतो. तिसरा पर्याय रक्तावर एमएलपीए, म्हणजे प्रत्येक एक्झॉनच्या प्रती मोजणं. सर्वांत शक्य आणि सर्वांत स्वस्त म्हणून आधी तो निवडला. दोन प्रती असतील तर गुणोत्तर १ च्या आसपास येतं, एकच असेल तर ०.५ च्या. पहिल्या एक्झॉनचा आकडा ०.५२ आला, त्याच्या अलीकडच्या प्रमोटर भागातल्या प्रोबचा (त्या जागी बसून मोजणी करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचा) ०.४९. शेजारचे दोन प्रोब एकत्र घसरले, हे निर्णायक होतं. एकच प्रोब घसरला असता तर त्याच्या बरोबर खाली एखादं साधं अक्षर बदललेलं असण्याची शंका राहते. तरी क्यूपीसीआर या दुसऱ्या पद्धतीने पुन्हा मोजून घेतलं.

निदान: एसडीएचबीच्या पहिल्या एक्झॉनचं जन्मजात डिलीशन. प्रथिन बनवण्याची सुरुवातच त्या एक्झॉनमध्ये आहे, त्यामुळे ती प्रत पूर्ण निकामी. १९७१ साली अल्फ्रेड नुडसन यांनी रेटिनोब्लास्टोमावरून दोन घावांचं जे गणित मांडलं, तेच इथे आहे. पहिला घाव जन्मतः. दुसरा केव्हातरी त्या एका पेशीत, उरलेली प्रत गेल्यावर. दुसरा घाव नेमका कसा बसला ते गाठीत शोधलं नाही; कोऱ्या काचेने तो बसल्याचं सांगितलंच होतं, आणि उपचारात त्याने फरक पडत नव्हता.

फरक देखरेखीत पडला. एसडीएचबीच्या गाठी इतर जनुकांच्या मानाने जास्त पसरतात, त्याही कधी कधी अनेक वर्षांनी. वर्षातून एकदा रक्तदाब बघून सोडून देणं या रुग्णेला पुरलं नसतं.

कुटुंबातले निर्णय

आईवडील, भाऊ आणि मुलगी, प्रत्येकाची शक्यता पन्नास टक्के. एसडीएचडी जनुकात वडिलांकडून आलेला बदलच गाठ करतो. एसडीएचबीत असा भेद नाही. आणि वाहक असणं म्हणजे गाठ होणारच असं नाही. साठीपर्यंत गाठ होणारे वाहक निम्म्याहून कमी.

वडिलांची चाचणी आधी झाली आणि तिथेच एक धोका टळला. बाहेरच्या केंद्राने अर्जावर ‘एसडीएचबी सिक्वेन्सिंग’ लिहिलं होतं. ती झाली असती तर वडील ‘निगेटिव्ह’ ठरले असते. अर्ज फाडून ‘एमएलपीए, एसडीएचबी एक्झॉन १’ असा नवा भरला, सोबत रुग्णेच्या अहवालाची प्रत जोडली. वडील वाहक निघाले, ५८ व्या वर्षी गाठ नाही.

भाऊ २८ वर्षांचा, लग्न ठरलेलं. त्याने बहिणीला स्पष्ट सांगितलं, “ताई, साखरपुडा होऊ दे, मग बघू. आत्ता रिपोर्ट आला तर मला तो सांगावा लागेल.” त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. जनुकाचा शिक्का कायमचा असतो, आणि ठरलेलं लग्न त्याहून किरकोळ कारणांनी मोडलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण थांबण्यातही धोका होता. गाठ असली आणि मध्येच अपेंडिक्ससारखं ऑपरेशन निघालं, तर काकांचीच गत व्हायची.

समुपदेशकांनी मधला मार्ग काढला. जनुक चाचणी पुढे ढकलायची, पण रक्तदाब आणि रक्तातलं नॉर्मेटानेफ्रिन आत्ता तपासायचं. तो वाहक आहे असं तात्पुरतं धरून चालायचं. नॉर्मेटानेफ्रिन मर्यादेच्या २.३ पट आलं. एवढी वाढ खोटीही असू शकते, म्हणून झोपवून पुन्हा रक्त घेतलं. आकडा तसाच राहिला. एमआरआयमध्ये महाधमनीला चिकटून, खालच्या मेसेंटेरिक धमनीच्या उगमापाशी २.४ सेंमीची गाठ दिसली: पॅराग्यांग्लिओमा, म्हणजे अ‍ॅड्रिनलच्या बाहेर होणारी त्याच जातीची गाठ. लक्षण एकही नव्हतं. त्यानंतर त्याने स्वतःहून जनुक चाचणी मागितली आणि होणाऱ्या बायकोला स्वतः सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर लागलं.

चिपळूणच्या आत्याबाईंनी चाचणी नाकारली. “माझं वय झालं, मला कशाला?” त्यांच्या दोन मुलांचा मुद्दा मात्र उरतोच. बातमी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही असं ठरलं होतं. त्याऐवजी जनुकाचं नाव, बदलाचं वर्णन आणि नेमक्या चाचणीचं नाव असलेलं एक पानी पत्र रुग्णेच्या वडिलांच्या हाती दिलं. आत्याबाईंच्या मुलांपैकी एकाने ते अजून उघडलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

शस्त्रक्रिया आणि पक्कं निदान यांच्यात पाच महिने गेले. प्रत्येक फिओक्रोमोसायटोमाच्या ब्लॉकवर एसडीएचबीचा रंग सुरुवातीलाच लावला असता, तर यातले बहुतेक वाचले असते. पॅनेल मागवताना ‘डिलीशन-ड्युप्लिकेशन तपासणीसह’ असं लिहिलं असतं तर कदाचित तेही पुरलं असतं. ३-मेथॉक्सिटायरामिन (डोपामिन मोडून बनणारं द्रव्य) मोजता आलं नाही. ते वाढलेलं असतं तर एसडीएचबीचा संशय आधीच बळावला असता. काकांच्या मृत्यूचा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारायला हवा होता. ‘कुणाला बीपी आहे का?’ याला सगळे हो म्हणतात. ‘ऑपरेशनमध्ये, बाळंतपणात किंवा अचानक कुणी गेलं का?’ हा प्रश्न उपयोगाचा.

पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘सौम्य’ हा शब्द होता, तो नंतर दुरुस्त करून घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणानुसार या गाठींतली एकही पूर्ण निर्धोक मानत नाहीत. तो एक शब्द वाचून रुग्णेने पहिली फेरतपासणी चुकवली होती.

सध्याची स्थिती

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी रुग्णेचं नॉर्मेटानेफ्रिन सामान्य झालं, तेव्हापासून तसंच आहे. रक्तदाबाची गोळी नाही. तिला, भावाला आणि वडिलांना दरवर्षी रक्तदाब आणि मेटानेफ्रिन, दर दोन-तीन वर्षांनी मानेपासून ओटीपोटापर्यंत एमआरआय. मूत्रपिंडही त्यातच पाहायचं, कारण एसडीएचबीमुळे तिथेही गाठ होते. आयुष्यभर तपासण्या असल्याने सीटीचे किरण शक्यतो टाळायचे. तिला दुसरं मूल हवं आहे. गर्भ राहण्याआधी मेटानेफ्रिन आणि एमआरआय दोन्ही करायचं ठरलं आहे, कारण गरोदरपणात न ओळखलेली गाठ आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते.

मुलीची चाचणी अजून केलेली नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार एसडीएचबी कुटुंबातल्या मुलांची चाचणी सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान करतात. तोवर बालरोगतज्ज्ञांच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे: डोकेदुखी, घाम किंवा वाढलेला रक्तदाब दिसल्यास, आणि कोणतीही पूर्ण भूल देण्याआधी, मेटानेफ्रिन तपासावं.